तुपाची तामली

आमच्या घराच्या माळ्यावर एक पितळेची तामली जवळजवळ तीस वर्षें फडक्यांत बांधून ठेवलेली होती. तामली म्हणजे काय हें हल्लींच्या मुलांना सांगावें लागतें. तूप ठेवण्याचें तें एक बुटकें, गोल पोटाचें भांडें. ही आमच्या आजीच्या वेळची. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, १९९६ सालच्या आषाढांत एका पहांटे अंगणांत फुलें काढतां काढतां खालीं बसला आणि पुन्हां उठला नाहीं. त्याला पंचेचाळिसावें वर्ष चालू होतें. तेरावा झाल्यावर दुसऱ्या दिवशीं वहिनींनीं ती तामली रिकामी केली, घांसली, पुसली आणि बांधून माळ्यावर ठेवून दिली. "ह्या घरांत आतां तूप कढायचें नाहीं," एवढेंच त्या म्हणाल्या, आणि आम्हीं सर्वांनीं माना खालीं घातल्या.

तेव्हांपासून निरांजनापुरतें आणि नैवेद्याच्या पानापुरतें तूप बाजारांतून येई. बाकी वरण-भात कोरडा. तक्रार कोणीं केली नाहीं. मी लग्नामुंजींच्या पंगतींत हात सैल सोडून घेत असें, हें कबूल करतों.

दादाला तुपाचें वेड होतें, आणि तें वेड वहिनींनीं हौसेनें पुरविलें होतें. विरजण त्या स्वतः लावीत, लोणी स्वतः काढीत, तें कढवितांना त्यांत विड्याचें पान टाकीत. त्या वासावर दादा ओसरीवरून उठून स्वयंपाकघरांत यायचा आणि बेरींत साखर घालून उभ्या उभ्या खायचा. तुपानें रक्तवाहिन्या बुजतात ही वार्ता त्या सुमारास वर्तमानपत्रांतून घरोघर पोंचली होती. वहिनींनीं ती स्वतःवर ओढून घेतली. नवऱ्याला आपणच वाढलें आणि आपणच घालविलें, असा निवाडा त्यांनीं मनाशीं करून टाकला. तो त्यांनीं बोलून दाखविला नाहीं. दाखविला असता तर कोणी तरी खोडून काढला असता.

आतां मागें वळून पाहतां कितीतरी गोष्टी डोळ्यांपुढें येतात. आमचे वडील १९६९ सालीं सत्तेचाळिसाव्या वर्षीं असेच अचानक गेले. दादाच्या पापण्यांवर पिवळसर चकत्या होत्या आणि टांचेच्या वरची शीर चांगली बोटभर जाड झालेली होती; ती चप्पल घांसून झाली असें आम्ही समजत होतों. मृत्यूपूर्वीं महिनाभर पर्वतीच्या पायऱ्या चढतांना छाती आवळल्यासारखी होते असें तो मला म्हणाला होता. मीं त्याला पित्तावरची मात्रा आणून दिली. ती गोष्ट वहिनींना ठाऊक नाहीं. निदान मीं आजवर सांगितलेली नाहीं.

दादाची मुलगी अनघा त्या वेळीं बारा वर्षांची होती. आज ती औषधनिर्माणशास्त्र शिकविते. पंचविसाव्या वर्षीं तिनें स्वतःचें रक्त तपासून घेतलें, कोलेस्टेरॉल दुपटीच्या घरांत निघालें, आणि तेव्हांपासून ती रोज एक गोळी घेते. हें आनुवंशिक आहे असें तिनें आईला अनेकदां सांगितलें. वहिनी ऐकून घेत, "हो ग बाई" म्हणत, आणि त्यांच्या मनांतील निवाडा होता तेथेंच राही. माझेंही रक्त तिनें तपासवून घेतलें. तें अगदीं निर्दोष निघालें. एकाच आईबापांच्या पोटीं दोघे आलों. एकाला पंचेचाळीस वर्षें मिळालीं आणि दुसरा सत्तरीच्या उंबरठ्यावर पंगती झोडीत होता. तो कागद हातांत घेऊन मला आनंद होण्याऐवजीं चोरी पकडली गेल्यासारखें वाटलें.

गेल्या श्रावणांत अनघानें आपल्या मुलाचें, चिनूचें, रक्त तपासलें. पोर नऊ वर्षांचें, काडीसारखें, दिवसभर सायकलवर. त्याचें एल्.डी.एल्. कोलेस्टेरॉल, जें शंभराच्या आंतबाहेर असावें, तें २३८ निघालें. अनघानें कागद टेबलावर ठेवला. वहिनींनीं चष्मा लावून तो आंकडा दोनदां वाचला आणि त्या एकदम म्हणाल्या, "पण ह्याला तर मीं तूप कधीं दिलेंच नाहीं!"

त्या वाक्यानंतर घरांत बराच वेळ कोणी बोललें नाहीं. तीस वर्षें जें समजावून पटलें नव्हतें तें त्या आंकड्यानें एका क्षणांत पटवून दिलें होतें. परंतु पटलें म्हणजे सुटका झाली असें नव्हे. इतकीं वर्षें ज्या खुंटीला दुःख टांगून ठेवलें ती खुंटीच कोणीं उपटून नेली, असा वहिनींचा चेहरा झाला होता.

मग अनघानें त्या दिवशीं आईला सगळें सावकाश समजावून दिलें. कोलेस्टेरॉल हें कांहीं विष नव्हे. प्रत्येक पेशीला तें लागतें आणि बव्हंशीं आपलें शरीरच तें तयार करतें. तें रक्तांतून लहान लहान मेदगोलकांत भरून हिंडतें. यकृताच्या पेशींवर ह्या गोलकांना आंत घेणारीं दारें असतात. डॅलस येथील मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन ह्या दोघां संशोधकांनीं हीं दारें १९७३ पासूनच्या कांहीं वर्षांत शोधून काढलीं आणि १९८५ सालीं त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें. दाराची कृती सांगणारा जनुक आई व बाप दोघांकडून एकेक येतो. त्यांतला एक बिघडलेला आला तर दारें निम्मींच उरतात. गोलक बाहेर ताटकळत राहतात आणि वर्षानुवर्षें धमन्यांच्या भिंतींत साचत जातात. दर अडीचशें-तीनशें माणसांमागें एकाची अशी स्थिति असते. मुलाकडे हा बिघाड जाईल कीं नाहीं हें निव्वळ नाणें उडविण्यासारखें आहे. वडिलांचें नाणें दादाकडे उलटें पडलें, माझ्याकडे सुलटें. दादाचें अनघाकडे उलटें आणि तिचें चिनूकडे.

"चिनूला गोळी सुरू करायची," अनघा म्हणाली. आणि येथें मी मध्यें पडलों.

मला वर्तमानपत्रें बारकाईनें वाचण्याची खोड आहे. २०२५ च्या मे महिन्यांत फिलाडेल्फिया येथील एका बालकाची हकीकत मीं वाचली होती. अमोनिया शरीराबाहेर टाकतां न येणारा एक दुर्मिळ आनुवंशिक रोग घेऊन तें जन्माला आलें. रेबेका आरेन्स-निकलस आणि किरण मुसुनुरू ह्या डॉक्टरांच्या मंडळीनें त्या एकट्या बालकासाठीं, त्याच्या जनुकांतील नेमकें तें एक अक्षर दुरुस्त करणारें औषध सहा महिन्यांत तयार केलें आणि फेब्रुवारींत शिरेंतून दिलें. मीं तें कात्रण कापून ठेवलें होतें. तें पुढें करून मी म्हणालों, "एवढ्याशा पोराला जन्मभराची गोळी कशाला? चार-पांच वर्षें थांबूं. एका टोंचणींत काम होईल. आणि त्यांत नवें तरी काय, करोनाच्या वेळीं आपण सर्वांनीं तसलीच लस टोंचून घेतली ना?"

अनघा हंसली नाहीं, पण तिला हंसूं आलें असावें. "काका, आपल्या घरांत सगळ्यांनीं कोव्हिशील्ड घेतली. तिच्यांत एक निरुपद्रवी केलेला विषाणू वाहन होता. तुम्ही म्हणतां ती मेदाच्या वाहनाची लस आपल्याकडे फारशी आलीच नाहीं." पुण्याच्याच जेनोव्हा संस्थेच्या आर्.एन्.ए. लशीला जून २०२२ मध्यें परवानगी मिळाली आणि ती साध्या शीतपेटींत, २ ते ८ अंशांवर टिकत होती, ही भर तिनेंच घातली. "आणि थांबायचें म्हणतां, तर तें वाहन काय आहे तें एकदां नीट ऐका. मग थांबायचें कीं नाहीं तें तुम्हीच सांगा."

मीं तें ऐकलें, आणि नंतर आठवडाभर तिच्याकडून पुस्तकें घेऊन वाचलेंही. जें समजलें तें येथें माझ्या शब्दांत देतों.

अडचण अशी कीं, जनुकाला द्यावयाचा निरोप लिहितां येणें वेगळें आणि तो पेशीच्या आंत पोंचविणें वेगळें. आर्.एन्.ए. हा निरोपाचा धागा मोठा नाजूक. रक्तांत सोडला तर तेथील पाचकद्रव्यें त्याचे कांहीं मिनिटांत तुकडे करतात. शिवाय तो ऋण विद्युद्भाराचा, आणि पेशीचें आवरण मेदाचें. त्या आवरणांतून तो आपण होऊन जाऊं शकत नाहीं. मग मेदाच्या भिंतींतून जायचें तर मेदाचेंच पांघरूण घेऊन जावें, ही कल्पना सुचणें स्वाभाविक होतें. केंब्रिजजवळ बाब्रहॅम येथें अ‍ॅलेक बँगहॅम ह्यांनीं १९६० नंतरच्या कांहीं वर्षांत अंड्याच्या बलकांतील मेद पाण्यांत घातला तेव्हां त्याच्या आपोआप सूक्ष्म पोकळ गोळ्या झालेल्या त्यांना दिसल्या. ह्या मेदरेणूचें डोकें पाण्याशीं सख्य राखणारें आणि शेपट्या पाण्याला भिणाऱ्या. म्हणून ते शेपट्या आंत लपवून कडें धरतात. (बलकाचें नांव निघतांच आमच्या सौभाग्यवती उठून आंत गेल्या. त्या वेळीं मला त्यांची समजूत घालतां आली नाहीं.)

कॅलिफोर्नियांत फिलिप फेल्गनर व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९८७ सालीं धन विद्युद्भाराचा मेद बनवून त्याला जनुकद्रव्य चिकटविलें आणि तें कांचपात्रांतील पेशींत उतरवून दाखविलें. धन आणि ऋण एकमेकांना बिलगतात, एवढ्यावर ती युक्ति उभी होती. परंतु कांचपात्र निराळें आणि माणूस निराळा. सदोदित धन असलेला मेद रक्तांत गेला कीं भेटेल त्याला चिकटतो आणि पेशींना जाळतो. ह्या ठिकाणीं वाट बरींच वर्षें अडली. व्हँकुव्हर येथील पीटर कलिस ह्यांच्या मंडळीनें जो उपाय पुढें आणला तो मला फार आवडला. त्यांनीं बहुरूपी मेद घेतला. आम्ल पाण्यांत तो धन होतो आणि आर्.एन्.ए.ला कवटाळतो; रक्तांत तो उदासीन होऊन गुपचूप फिरतो; पेशीनें त्याला गिळून आपल्या आंबट कोठडींत टाकलें कीं पुन्हां धन होतो, कोठडीची भिंत फोडतो आणि निरोप आंत सांडतो. अशा गोळीच्या चार जिनसा असतात: हा बहुरूपी मेद, पेशीच्या भिंतींत असतो तसला एक मेद, गोळ्या एकमेकींना चिकटूं न देणारा एक लांब शेपटाचा मेद, आणि चौथें कोलेस्टेरॉल.

"कोलेस्टेरॉल?" वहिनी म्हणाल्या. "त्यांतच?"

"त्यांतच, आई. त्यावांचून गोळी घट्ट राहत नाहीं."

एक मिलिमीटरचे दहा-बारा हजार भाग केले तर त्यांतल्या एका भागाएवढी ती गोळी. २०१८ सालीं अमेरिकेंत पॅटिसिरान नांवाच्या औषधाला मान्यता मिळाली तेव्हां हें वाहन प्रथम औषध म्हणून माणसांत रुजू झालें. यकृतांत तयार होणारें एक सदोष प्रथिन मज्जातंतूंत साचतें, त्या आनुवंशिक रोगावरचें तें औषध. आणि एवढी कारागिरी करूनही पेशींत शिरलेल्या मालापैकीं कोठडींतून सुटून कामाला लागतो तो शंभरांत एक-दोन भाग, असें २०१३ मध्यें मोजून दाखविलेलें आहे. बाकीचा फुकट जातो. आमच्याकडच्या पाणीपुरवठ्याला नांवें ठेवणाऱ्यांनीं हा आंकडा लक्षांत ठेवावा.

आतां ज्या गोष्टीनें मी थक्क झालों ती सांगतों. ही गोळी शिरेंतून दिली तर ती यकृतांतच कां जाते? तिला कोणीं पत्ता लिहून दिलेला नसतो. रक्तांत हिंडतांना तिच्या अंगाला एक प्रथिन येऊन चिकटतें. तेंच प्रथिन आपल्या नेहमींच्या मेदगोलकांवरही असतें. यकृताला वाटतें, हा आपल्या ओळखीचाच पाहुणा आहे, आणि तें त्याच दारानें त्याला आंत घेतें. त्याच दारानें! दादाच्या शरीरांत जीं निम्मींच होतीं, तींच हीं दारें. ज्या रोगावर हें औषध आणायचें त्या रोगांत औषधाच्याही वाटेवर दारें अपुरीं. ज्या अभागी मुलांना आई व बाप दोघांकडूनही बिघडलेला जनुक मिळतो, त्यांच्यांत तर तें दार जवळजवळ नसतेंच.

बॉस्टनच्या व्हर्व्ह नांवाच्या कंपनीनें ह्या रोगावर काम चालविलें. आपल्या शरीरांत पीसीएस्के९ नांवाचें एक प्रथिन हीं दारें मोडीत काढीत असतें. डॅलसमध्येंच २००५-०६ च्या सुमारास असें आढळलें कीं, ज्यांच्यांत तें जन्मतः निकामी असतें त्यांचें कोलेस्टेरॉल कमी राहतें आणि हृदयविकार क्वचित् होतो. तेव्हां त्या प्रथिनाच्या जनुकांत एक अक्षर बदलून तें कायमचें बंद करावें, म्हणजे आहेत तीं दारें तरी टिकतील, असा हा बेत. २०२२ मध्यें न्यूझीलंडमध्यें पहिल्या माणसाला तें औषध दिलें गेलें. कोलेस्टेरॉल उतरलें. परंतु एप्रिल २०२४ मध्यें काम थांबवावें लागलें. कांहींच्या यकृताचे आंकडे तात्पुरते चढले, एकाच्या रक्तांतील बिंबिका घटल्या. दोष जनुकावरच्या लेखणीचा नव्हे, वाहून नेणाऱ्या मेदाचा, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. मग त्यांनीं वाहन बदललें. बहुरूपी मेद दुसरा घेतला आणि गोळीच्या अंगावर एक शर्करेचा अंश जडविला. यकृताच्या पेशींना शर्करा ओळखणारें एक निराळें दार असतें. पहिलें दार नसलें तरी हें असतेंच. एप्रिल २०२५ मध्यें १४ रोग्यांची पहिली हकीकत प्रसिद्ध झाली. सर्वांत मोठ्या मात्रेला एल्.डी.एल्. सरासरी ५३ टक्क्यांनीं उतरलें, एकाचें ६९ टक्क्यांनीं, आणि औषधामुळें कोणाला गंभीर अपाय झाला नाहीं. त्याच वर्षीं लिली ह्या मोठ्या औषध कंपनीनें ती कंपनी विकत घेतली.

"झालें तर!" मी म्हणालों.

"काय झालें, काका? चौदा माणसें झालीं. सगळीं मोठीं. मुलांची पाळी केव्हां येईल कोणास ठाऊक. फिलाडेल्फियाच्या त्या बाळाला थांबायला वेळच नव्हता. चिनूला गोळी आहे. आणि अक्षर एकदां बदललें कीं परत लिहितां येत नाहीं. नऊ वर्षांच्या मुलाच्या यकृतांत तें पुढचीं सत्तर वर्षें राहायचें. मी त्याची वाट आनंदानें पाहीन. पण धमन्या वाट पाहत नाहींत. ह्याच्या धमन्यांत आजपासूनच साचायला लागलें आहे."

मीं आणखी कांहीं बोललों असतों. मला बोलण्याची हौस आहे. पण माझ्या डोळ्यांपुढें पर्वतीच्या पायऱ्या आल्या. मागें एकदां मीं थांबूं या म्हटलें होतें, मात्रा देऊन. मीं कात्रण घडी घालून खिशांत ठेवलें.

गोळीची कथाही अनघानें सांगितली. अकिरा एंडो ह्या जपानी शास्त्रज्ञानें १९७३ सालीं एका बुरशींतून तें द्रव्य काढलें. त्यानें यकृतांत कोलेस्टेरॉल कमी तयार होतें, आणि मग यकृत आपण होऊन अधिक दारें उघडतें. त्या वर्गांतील पहिलें औषध अमेरिकेंत १९८७ सालीं विक्रीस आलें. फेल्गनरांचा तो मेद ज्या वर्षीं, त्याच वर्षीं. आठ-दहा वर्षांच्या मुलांनाही तें देतात.

"म्हणजे त्यांना..." वहिनी म्हणाल्या आणि थांबल्या. दादाचें नांव त्या घेत नाहींत. "म्हणजे तेव्हां ती गोळी होती?"

अनघानें खोटें सांगितलें नाहीं. "होती, आई. पण बाबांचें रक्त कोणीं तपासलेंच नाहीं."

"आणि मीं तूप दिलें नसतें तर?"

"थोडासा फरक पडला असता. फार थोडा. दारें निम्मींच होतीं ग."

वहिनी बराच वेळ पदराच्या टोंकाशीं चाळा करीत बसल्या. मग माझ्याकडे न पाहतां म्हणाल्या, "भाऊजी, ती पित्तावरची मात्रा मला त्यांच्या सदऱ्याच्या खिशांत सांपडली होती. तुम्हीच आणून दिली होती ना? ते म्हणायचे, धाकटा माझी फार काळजी घेतो." एवढें बोलून त्या उठल्या आणि देवापाशीं सांजवात लावायला गेल्या.

मला काय वाटलें तें मी येथें लिहीत नाहीं.

चिनूची गोळी दुसऱ्या दिवसापासून सुरू झाली. रात्रीं जेवण झाल्यावर वहिनी स्वतः ती त्याच्या तळहातावर ठेवतात आणि पाण्याचें फुलपात्र पुढें करतात. तीन महिन्यांनीं आंकडा १४६ वर आला. त्याची आई अजून समाधानी नाहीं, डॉक्टरही नाहींत. मात्रा ठरावयाची आहे.

संक्रांतीच्या आधीं एके दिवशीं वहिनींनीं मला शिडी लावायला सांगितली. तामली खालीं आली. फडकें कुजलेलें होतें, भांडें मात्र शाबूत होतें. आंतली कल्हई गेलेली. हल्लीं कल्हईवाला मिळणें हें जनुकदुरुस्तीपेक्षां फारसें सोपें नाहीं. मीं तीन दिवस पेठापेठांतून हिंडून तुळशीबागेच्या मागें एक म्हातारा गांठला. तो म्हणाला, ठेवून जा, शुक्रवारीं या.

शुक्रवारीं चिनू माझ्याबरोबर आला. चकचकीत तामलींत तोंड पाहत तो मला विचारूं लागला, "आजोबा, ह्यांत माझ्यासाठीं किती तूप?"

"अर्धा चमचा," मीं सांगितलें. "तुझ्या आईला विचारून."

"आणि आजीला?"

तें मला ठरवितां येईना. आम्ही रिक्षा पाहूं लागलों.